डाव्या बरगड्या

शिंपी म्हणाला, माप माझं चुकलेलं नाही.
पोरीचाच डावा खांदा दोन बोटं खाली आहे.
गणवेश तिसऱ्यांदा उसवायला नेला होता,
भांडायच्या तयारीनं गेलो होतो मी,
आणि आठवड्यानं घरी आलो
एक्स-रेची मोठी पिशवी काखेत धरून.

एकतीस अंश.

अंश म्हणजे मला फक्त उन्हाचे माहीत.
आमच्या सोलापुरात एकतीस म्हणजे सुखाचा दिवस,
माणसं दुपारीही रस्त्यावर दिसतात.

तहसीन मॅडमनी स्रवंतीला पालथं झोपवलं,
माझं मनगट धरून हात तिच्या पाठीवर ठेवला.
उजवीकडे उंचवटा आहे, तिथे नको.
इकडे. खळगा लागतोय ना? इथे.
तिला म्हणाल्या, श्वास बाबांच्या हातात भर.
मला म्हणाल्या, दाबू नका. हात नुसता असू द्या.

लोकांना वाटतं, विणकराला हे सोपं,
ताणा ढिला पडला की तो ओढून घेतो.
नाही हो.
सूत ओढलं तर ओरडत नाही,
सुताला उद्या सहामाही परीक्षा नसते.

तीस वर्षांच्या लूमनं माझे कान नेले.
अंबू मला जेवायला बोलावते ते ताट वाजवून.
श्वास मला ऐकू आलाच नसता.
हातांना मात्र अजून कळतं,
दिवे गेलेले असतानाही, धागा कुठे तुटलाय ते.

अकरा दिवस काही नाही.
खळगा, आणि खळग्यात माझा घामेजलेला हात.
अंबू विड्या वळत कोपऱ्यातून बघायची.
शेजारचा इरण्णा सांगून गेला,
तळ्यापलीकडे एकजण आहे, एका झटक्यात हाड बसवतो.
अंबूनं त्याला चहा दिला, पत्ता घेतला नाही.

बारावा दिवस पाण्याचा होता.
गल्लीभर घागरी, कळशा, कुणाचा तरी पाइप सुटलेला,
मी उठणारच होतो,
आणि हाताखाली एक बरगडी
झोपेत कुणी कूस बदलावी तशी
सावकाश वर आली.

स्रवंतीनं मान वळवली.
ओठांवरून कळलं मला: नान्ना, आली ना?

आमचं पाणी त्या दिवशी राहिलं.

मॅडमनी सांगितलेल्या पिशव्या तांदळाच्या.
अंबूनं लूमच्या चिंधी-टॉवेलातून शिवल्या
आणि ज्वारी भरली, घरात होती ती.
एक कमरेखाली, एक खांद्याखाली,
एक बरगडीच्या फुगवट्याखाली.
महिन्यानं ज्वारीत टोके पडू लागले,
तेव्हा ती चाळून, वाळवून गिरणीत दिली.
पोरीच्या पाठीखालच्या भाकरी
आम्ही तिघांनी शेंगाचटणीशी खाल्ल्या.

रोज झालं असं नाही.
मैत्रिणी दोरीवर उड्या मारत असताना
आरशासमोर उभं राहून एकाच बाजूनं श्वास घ्यायचा,
खिडकीचे गज धरून लांब, आणखी लांब व्हायचं,
चौदाव्या वर्षी हे कुणाला आवडेल?
एकदा तिनं पिशवी भिंतीवर मारली.
रात्रभर घरात ज्वारी पायाला टोचत होती.
सकाळी ती स्वतःच वेचत बसली.
मी काही बोललो नाही.
तीही नाही.

आता दार लावून घेते.
हात नको म्हणते, नान्ना, मला समजतं कुठे भरायचं ते.
बाहेर पायरीवर बसून मी
स्वतःच्या डाव्या बरगड्यांत श्वास घालून बघतो.
अर्ध्यावर खोकला येतो. कापसाचा फुफाटा.

परवा नवा एक्स-रे.
एकोणतीस.
मी बोटांवर वजाबाकी करू लागलो तर मॅडम हसल्या,
दोन अंश पट्टीचे असतात, ते धरू नका.
तेवढाच आहे म्हणा.
वाढला नाही.

वाढली नाही,
हे मी आजवर फक्त मजुरीबद्दल ऐकलं होतं.
त्या दिवशी अशोक चौकात
कारखान्यातल्या सहाजणांना चहा पाजला.
कशाचा, ते नीट सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी नव्हतं.
व्यायाम होता.